प्रेमिलानं मांडली घराची बाजू

महाल, नागपूर
८ जानेवारी १९७९

ती. शोभाताईस गिरिधरचा नमस्कार.

तुझी प्रेमिला मजेत आहे. दिवाळीनंतर तू तिला माझ्याकडे ठेवलीस तेव्हा ती टायपिंग फडाफड करी, पण टाईप केलेले वाचून दाखव म्हटले की जमिनीकडे पाही. आज ती माझ्या इंग्लिश स्पीकिंग क्लासची पहिल्या नंबरची विद्यार्थिनी आहे. हे मी मामा म्हणून नाही, शिक्षक म्हणून लिहीत आहे.

आता मुख्य बातमी. ४ फेब्रुवारीच्या रविवारी माझ्या क्लासची पहिली जाहीर इंग्रजी वादविवाद स्पर्धा आहे. विषय मीच काढला: काम घरी बसून करावे की कचेरीत जाऊन? तू हसशील. पण सीताबर्डीवर रद्दीत मला एक विलायती मासिक मिळाले. त्यात स्पष्ट लिहिले आहे की पुढच्या काळात माणसे कचेरीत जाणारच नाहीत, घरूनच टेलिफोनवर सारे काम करतील. हा विषय नागपुरात अजून कोणी घेतलेला नाही.

मुख्य पाहुणे म्हणून कामठीचे वकील चंपतरावजी येणार आहेत. आपल्या क्लासची माडी त्यांच्याच मालकीची. मोठा भला माणूस. त्यांना गोविंदा नावाचा मुलगा आहे, बी.कॉम. झालेला, अगदी गरीब स्वभावाचा. सहज लिहिले.

प्रेमिला घराच्या बाजूने बोलणार. आणि हो, तिने अर्ज केला होता त्या कोळशाच्या कंपनीकडून टायपिस्टच्या मुलाखतीचे बोलावणे आले आहे, ८ फेब्रुवारीचे. पाहू काय करायचे ते.

तुझा
गिरिधर


उमरेड
१२ जानेवारी

चि. गिरिधर,

आशीर्वाद. पत्र शाळेत मधल्या सुट्टीत वाचलं अन् इतकी हसली का हेडबाई धावत आल्या.

टेलिफोनवरून ऑफिस! अरे बाप्पा, उमरेडच्या पोष्टात टेलिफोन आहे ना एक. त्याच्यावर नागपूरले बोलाचं असन तं इतकं ओरडा लागते का सारं बाजार ऐकून घेते. असं ऑफिस चाललं तं साहेबाचा घसा महिनाभरात बसते.

अन् घरी बसून काम, याच्यात विलायतचं काय आलं गा? माह्या गल्लीतले कोष्टी घरीच मागावर बसतात. त्याइच्या बायका पहाटेपासून सुताच्या कांड्या भरतात. खानेसुमारीवाला आला का नवरा सांगते, बायको काही करत नाही, घरीच असते. ती पण मान हलवते अन् कांडी भरत राहते. हे तुह्या मासिकात छापलं होतं का?

आता मले सांग, प्रेमिलाले घराच्या बाजूनं कायले उभी करून राहिला तू? तिले तुह्याकडे ठेवलं ते नोकरीसाठी. तिचे बाबा गेल्यावर मी या मास्तरकीवर घर चालवलं. नोकरी नसती तं दोन्ही दिरांच्या घरी भाकरी थापत बसली असती अन् प्रेमिला माह्या बाजूले. म्हणून सांगते, ८ तारखेले ती पोट्टी मुलाखतीले गेली पाहिजे. "पाहू काय करायचे" नाही. गेलीच पाहिजे.

तू ज्याच्या मागं "सहज" लिहितो ते कधी सहज नसते. मी तुले लहानपणापासून ओळखते.

शोभाताई


महाल, नागपूर
१७ जानेवारी

ती. शोभाताईस नमस्कार.

तुझ्या पत्रातला उपहास मी शिक्षकाच्या मोठ्या मनाने पोटात घातला.

वादविवाद ही कला आहे, ताई. वक्त्याने आपल्या बाजूवर विश्वास ठेवायचा नसतो, फक्त बोलायचे असते. माझी पद्धत अशी की दोन्ही बाजूंची भाषणे मीच लिहितो, मुले ती पाठ करतात, आणि विरोध करायचा तो सभ्यपणे. कचेरीच्या बाजूने आपले नत्थूजी आहेत. एका सरकारी कचेरीत ते कारकून आहेत आणि बढतीसाठी इंग्रजी शिकत आहेत. त्यांना पाठांतर होत नाही, म्हणून मी त्यांना सांगितले, तुम्ही रोज कचेरीत काय करता तेवढेच साध्या वाक्यात सांगा. बिचारे रात्रंदिवस तयारी करीत आहेत.

आता महत्त्वाचे. परवा चंपतरावजी आणि त्यांच्या मंडळी अंजनाबाई सहज घरी आले होते. प्रेमिलाने पोहे आणि चहा दिला. त्यांनी तिचे अक्षर पाहिले, टायपिंगचे सर्टिफिकेट पाहिले, स्पीड विचारली. दोघांना मुलगी फार पसंत पडली. ताई, असे स्थळ दिवा घेऊन शोधले तरी मिळणार नाही. त्यांचे म्हणणे एवढेच की सुनेने बाहेर नोकरी करू नये. तिची विद्या वाया जाणार नाही याची त्यांनी आधीच काळजी घेतली आहे. नवा कोरा टाईपरायटर घेऊन कामठीच्या घरी खिडकीजवळ ठेवलासुद्धा! चंपतरावजींचे दावे, नोटिसा, अर्ज, सारे तिने घरच्या घरी टाईप करायचे. घर तेच आणि ऑफिस तेच. म्हणजे माझा विषय किती दूरदृष्टीचा होता ते तुला आता पटेल.

गोविंदाला भिलाईला नोकरी लागली आहे, मार्चमध्ये रुजू होईल. तिथे बिऱ्हाड करायचा अजून विचार नाही.

चंपतरावजी आजकाल क्लासची माडी रिकामी करा असे म्हणत नाहीत. माणूस किती बदलतो पाहा.

तुझा
गिरिधर


उमरेड
२२ जानेवारी

चि. गिरिधर,

तुहं पत्र मी दोनदा वाचलं. एकदा डोकं फिरलं म्हणून, अन् एकदा आपलं काही वाचाचं राहिलं तं नाही म्हणून.

म्हणजे नवरा भिलाईले, बायको कामठीले, अन् मशीन खिडकीत. मंग लग्न कोणासंग लावून राहिले तुम्ही, गोविंदासंग का त्या मशीनसंग? अंतरपाट खिडकीत धराचा का? पोट्टी पाहाले आले तं माणसं रंग पाहतात, चालणं पाहतात, गाणं म्हण म्हणतात. स्पीड विचारणारी सासू मी आजच ऐकली.

आतापर्यंत त्या वकिलाचं टाईप कोण करत होतं? हे विचारलं का तू? नाही विचारलं. मी इथून सांगते, त्याचं पोरगंच करत असन. ते निघालं भिलाईले, म्हणून यांची धावपळ.

अन् माडी! गिरिधर, तू माह्या पोरीले माडीच्या किल्लीसाठी देऊन राहिला अन् मले म्हणते माणूस किती बदलतो. लाज वाटत असन तं वाटू दे थोडी.

मी आताच सांगून ठेवते, साक्षगंधाचा-साखरपुड्याचा शब्द कोणाले देजो नको. शाळेत ५ तारखेले तपासणी आहे, तिच्या तयारीत मले ४ तारखेले येता येत नाही. प्रेमिलाले सांग, तिनं स्वतः मले लिहावं.

शोभाताई


महाल, नागपूर
२७ जानेवारी

आई,

हे पत्र मी पोष्टात स्वतः टाकून राहिली. मामाजी वाईट नाहीत, पण माझं पत्र आधी ते वाचतात, इंग्रजीच्या चुका काढायले म्हणे. मराठी पत्रातही.

तुझं पत्र मी वाचलं, तुझी भीती खरी ठरली. साक्षगंध ठरवून टाकलं. ८ तारीख, गुरुवार, सकाळी दहा वाजता. मी म्हटलं, मामाजी, त्याच दिवशी दहा वाजता माझी मुलाखत आहे. ते म्हणाले, योगायोग. मामींनी म्हटलं, मुलाखत झाल्यावर साक्षगंध ठेवा नं, तं मामाजी म्हणाले तुम्हाले मुहूर्तातलं काय कळते. मामी उठून चुलीकडे गेल्या. त्या नेहमीच गप्प होतात.

आई, मले ती नोकरी पाहिजे. मी रोज रात्री मनातल्या मनात त्या कचेरीच्या पायऱ्या चढते. पण मामाजींच्या घरी जेवते मी, त्यांच्याच क्लासमध्ये फुकट शिकते. त्यांच्या तोंडावर नाही म्हणाले गेली का तोंडातून होच निघते. मले स्वतःचाच राग येते.

भाषण मामाजींनी लिहून दिलं, घराच्या बाजूचं. "गृह हेच स्त्रीचे सिंहासन" वगैरे. ते माझ्याच्यानं पाठ होत नाही. मी माझंच लिहून बोलीन म्हटलं. बाजू घराचीच आहे, म्हणून ते हो म्हणाले.

तू नाही आलीस तरी चालेल असं मी लिहिणार होती. पण तू ये.

तुझी
प्रेमिला


महाल, नागपूर
५ फेब्रुवारी

ती. शोभाताईस नमस्कार.

घाईचे पत्र आहे. उमरेडच्या एस.टी.च्या कंडक्टरच्या हाती देत आहे. विजय, ताई, विजय!

माडी खच्चून भरली होती. चंपतरावजी अध्यक्ष. परीक्षक म्हणून नत्थूजींचेच साहेब महादेवराव यांना बोलावले होते. नत्थूजी उभे राहिले आणि माझ्या सूचनेप्रमाणे कचेरीतला आपला दिवस साध्या वाक्यांत सांगू लागले. मी अकराला येतो. मी टोपी खुर्चीवर ठेवतो. मी बाहेर जातो. टोपी काम करते. हिवाळ्यात आम्ही उन्हात बसतो, संत्री सोलतो. साहेबांसाठी गोड फोडी वेगळ्या ठेवतो. म्हणून कचेरी उत्तम. एकही चूक नाही, ताई! महादेवराव लालबुंद झाले ते उकाड्यामुळे असावेत. त्यांनी नत्थूजींना शून्य गुण का दिले हे मला अजून कळत नाही.

मग आपली प्रेमिला उठली. काय तो आवाज! मी तुला तिचे मुद्दे मराठीत लिहितो. ती म्हणाली, घरून काम करणे फार सोयीचे. कचेरीत बिचाऱ्या बाईला एकच साहेब असतो. घरी सासरा साहेब, सासू साहेब, नवरा साहेब, म्हणून देखरेख उत्तम राहते. कचेरीत आजारी पडले तर अर्ज लिहावा लागतो. घरी मशीनच बाजेवर आणून देतात. कचेरीत महिन्याच्या पहिल्या तारखेला पगाराची कटकट असते, रांग लावा, सही करा. घरी ही कटकट कोणीच कधी मागे लावत नाही. आणि कचेरीत काम चुकले तर नोकरी जाते. घरी चुकले तर आई-बाबांचे नाव काढतात, पण काम कोणी काढून घेत नाही. म्हणून, अध्यक्ष महाराज, ज्याचे काम आहे त्याच्यासाठी घरासारखे ऑफिस नाही!

चंपतरावजींनी टेबल बडवले. वकिली इंग्रजी, त्यामुळे त्यांना शब्दन्‌शब्द कळत होता. अंजनाबाईंना इंग्रजी येत नाही, पण त्यांनीही टाळ्या वाजवल्या. मागच्या बाकावर गोविंदा एकटाच हसत होता, इतका की त्याला ठसका लागला. त्याचे इंग्रजी कच्चे असावे.

पहिले बक्षीस प्रेमिलाला. चंपतरावजींनी तिथेच व्यासपीठावरून जाहीर केले की एवढे चांगले विचार असलेली मुलगी आमच्या घरी येत आहे, साक्षगंध गुरुवारी. आता शब्द गेला. बुधवारी संध्याकाळच्या गाडीने ये. येताना नारळ आण, इथे महाग आहेत.

तुझा
गिरिधर


उमरेड
६ फेब्रुवारी

गिरिधर,

याच कंडक्टरच्या हाती उलट देते.

अरे भैताडा, त्या पोट्टीनं तुम्हाले भर सभेत, माइकवर, अध्यक्ष महाराज म्हणून म्हणून धुतलं, अन् तुम्ही टेबल बडवलं? बक्षीसही दिलं? इंग्रजी मले येत नाही. तुह्या मराठीतून वाचलं तरी मले दिसलं, अन् तुले नाही दिसलं? तुहं इंग्रजी तुले काय कामाचं गा? सभ्यपणे विरोध कसा कराचा ते तू शिकवलं, तिनं केला. तुह्या क्लासात एकच पोट्टी खरंच शिकली, अन् तिलेच तू खिडकीत बसवाले निघाला.

मी वाचता वाचता हसली अन् मंग रडली. माही पोरगी तोंडावर नाही म्हणू शकत नव्हती. शंभर माणसांसमोर म्हणून गेली अन् कोणाले कळलं नाही. तिले किती एकटं वाटलं असन याचा विचार केला का तू?

बुधवारी येते. नारळ आणत नाही. तिचे सर्टिफिकेट काढून ठेव.

शोभाताई


महाल, नागपूर
२० फेब्रुवारी

शोभाताई,

नमस्कार लिहाची इच्छा नाही, तरी लिहितो.

तू आली, जेवली, झोपली, माह्यासंग एक शब्द बोलली नाही. मले वाटलं मानली असन. अन् गुरुवारी सकाळी पाव्हणे दारात, पाटावर तांदूळ मांडलेले, मी सिंधूले म्हणतो प्रेमिलाले बाहेर आण, तं सिंधू म्हणते त्या दोघी रिक्षात बसून गेल्या, मीच थांबवली रिक्षा. सिंधू! माही बायको! जिले घरात आवाज नाही ती म्हणे मीच थांबवली.

मी पाव्हण्याइले चहा दिला. परत चहा दिला. चंपतरावजी घड्याळ पाहून राहिले. मंग मले सुचलं का पोरगी आली नाही तं निदान तिचे विचार ऐकवावे, म्हणून मी तिचं बक्षिसाचं भाषण अंजनाबाईले मराठीत सांगून राहिलो. सासू साहेब पर्यंत आलो अन् अंजनाबाई उठल्या. म्हणे हे आमाले म्हणते का? चंपतरावजी म्हणाले, नाही नाही, ते इंग्रजीत वेगळं असते. तेव्हा गोविंदा बोलला. चार वर्षांत बापासमोर पहिल्यांदा बोलला असन. म्हणे, बाबा, इंग्रजीतही हेच होतं. चार वर्षं झाली, तुमचं टाईप मी करून राहिलो, मले एका एका वाक्याचा अर्थ माहीत आहे. ती पोरगी माहीच गोष्ट सांगत होती, म्हणून हसलो. अन् टोपी घातली अन् गेला. मार्चची वाट नाही पाहिली त्यानं, त्याच आठवड्यात भिलाईले गेला.

आता कामठीले मशीन आहे, दावे आहेत, अन् टाईप कराले कोणी नाही. चंपतरावजी मले म्हणाले, माडी खाली करा. मी हात जोडले. ते म्हणाले, मंग टायपिंग येते ना तुम्हाले?

मशीन माह्या घरी आणून ठेवलं. खिडकीजवळ.

प्रेमिलाले नोकरी लागली हे मले नत्थूजीकडून कळलं. तू कळवलं नाही. ठीक आहे.

गिरिधर


उमरेड
५ मार्च

चि. गिरिधर,

आशीर्वाद. तुहं पत्र वाचून शाळेत पुन्हा हेडबाई धावत आल्या.

हाव, नोकरी लागली. मुलाखतीत त्या साहेबानं विचारलं, तुम्ही ऑफिसात काम कराले काहून येता, घरी काय कमी आहे? ती म्हणे मी इतकंच म्हटलं, साहेब, घरी काम कमी नाही. साहेब हसला अन् पुढचं विचारलंच नाही.

ती धंतोलीत ओळखीच्या एका बाईच्या घरी खोली घेऊन राहते, मैत्रिणीसंग. पयल्या पगाराचं लुगडं तिनं सिंधूले घेतलं, मले नाही. मले राग नाही आला. रिक्षा तिनं थांबवली होती.

तुह्यावरचा राग अजून पुरता गेला नाही. पण तू माहा भाऊ आहे, जाईन. मशीनले तेल घालत जा.

शोभाताई


महाल, नागपूर
२ एप्रिल

चि. प्रेमिला,

आशीर्वाद. तू पगारदार झालीस, मला अभिमान आहे. शिकवले कोणी हे लोक विचारतात तेव्हा मी गप्प राहत नाही.

काम एवढेच की चंपतरावजींचे दावे फार साचले आहेत. सकाळी माणूस कागद टाकून जातो, संध्याकाळी घ्यायला येतो, आणि मध्ये मी क्लासही घ्यायचा. परवा मला ताप होता तर त्याने मशीन बाजेजवळ सरकवून दिले. तुझी मामी नुसती पाहते. बोटे सुजली आहेत, बेटा. तू रविवारी आलीस तर दोघे मिळून उरकून टाकू. बाहेरचे कोणी नाही, घरचेच काम आहे. जेवायला पुरणपोळी करू.

तुझा मामा
गिरिधर


धंतोली, नागपूर
४ एप्रिल

ती. मामाजींस प्रेमिलाचा साष्टांग नमस्कार.

तुमच्या बोटांचं वाचून वाईट वाटलं. रात्री मोहरीचं तेल कोमट करून लावा, मामींना सांगते तसं.

इंग्रजी तुम्ही शिकवलंत, हे मी ऑफिसात सगळ्यांना सांगते. खोटं नाही सांगत.

रविवारी माझी कचेरी बंद असते, त्यामुळे टायपिंग होणार नाही. तुमची कचेरी कोणत्या दिवशी बंद असते ते मात्र जरूर कळवा. त्या दिवशी मी तुम्हाला आणि मामींना भेटायला येईन.

तुमची
प्रेमिला